जुन्या बोटीला नवा फिश फाइंडर घेताय? स्क्रीन नंतर बघा, आधी बोटीचं बूड बघा

पावसाळी मासेमारी बंदी लागली, बोटी वर ओढून शाकारल्या, की आमच्याकडे देवगडात दोनच विषय, जाळ्याचा भाव काय झालाय आणि यंदा कोण कुठलं मशीन बसवतोय. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस म्हणजे खरं तर फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासळी दाखवणारं मशीन, बदलायचा एकमेव नीट काळ, कारण ट्रान्सड्यूसर, म्हणजे बुडाला लागणारा त्याचा कान, बसवायला बोट पाण्याबाहेर पाहिजे. तरी दरवर्षी बघतो, निम्मे लोक नारळी पौर्णिमा तोंडावर आली की दुकानात धावतात आणि जे शेल्फवर असेल ते उचलून आणतात. मीपण एकदा तेच केलंय, म्हणून हा एवढा पसारा लिहायला बसलो.

आमची बोट लाकडाची, ३८ फुटी, आत डिझेल इंजिन, वयाने माझ्याहून थोडीच लहान. तिच्यावरचा जुना काळा-पांढरा सेट मेला तेव्हा मी मोबाईल घेतात तसा फिश फाइंडर घेतला, म्हणजे स्क्रीन केवढी, रंग कसे, टच आहे का वगैरे. ९ इंची सेट आणला, बॉक्समध्ये जो प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर आला तो मागच्या फळीला चार स्क्रू मारून लावला. जेटीला उभं असताना चित्र एक नंबर, बाबा खुश, शेजारच्या बोटीवरचे चार जण बघायला आले. बाहेर पडलो, इंजिनला जोर दिला आणि पाच नॉटच्या वर गेल्या गेल्या स्क्रीनवर नुसता पाऊस, तळ गायब, खोलीचा आकडा एकदा ४ वाव (वाव म्हणजे सहा फूट) एकदा ९०. बोट चालवणारे आमचे तांडेल काका शांतपणे बोलले, यापेक्षा माझी शिसं बांधलेली दोरी बरी होती. अख्खा सीझन तसाच काढला. सेट चांगलाच होता, दुकानदाराने फसवलं असंही नाही, मीच चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली होती.

तर उलट्या टोकाकडून सुरू करू.

मशीन बघतं काय

फिश फाइंडरला डोळे नाहीत, कान आहेत. बुडाखालचा ट्रान्सड्यूसर आवाजाचा एक ठोका खाली सोडतो, तो तळावर, माशावर, कशावरही आपटून परत येतो आणि किती वेळ लागला त्यावरून मशीन खोली काढतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे खाली ३० मीटर पाणी असेल तर ठोका जाऊन यायला सेकंदाचा पंचविसावा भाग. १९४८ साली जपानात नागासाकीच्या बाजूला फुरुनो बंधूंनी मासेमारीसाठी पहिलं चालण्याजोगं मशीन बाजारात आणलं, आजपर्यंत तत्त्व तेच आहे, फक्त कागदाच्या जागी रंगीत काच आली.

आता आवाज कशावर जोरात आपटतो, तर जिथे हवा आहे तिथे. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ना, परत येणाऱ्या आवाजातला मोठा वाटा तिचा. घोळीच्या पोटातल्या ज्या बोतासाठी व्यापारी सोन्यासारखा भाव देतात, तोच बोत आपल्या मशीनला दिसतो. ढोमा, घोळ यांचा थवा म्हणून ठसठशीत येतो. मोरीला (शार्क), वागळीला ही पिशवीच नाही, म्हाकूलला नाही, कोळंबीला नाही, त्यामुळे ती खाली असली तरी फिकट निळसर धूर दिसतो किंवा काहीच दिसत नाही. स्क्रीनवर काही नाही म्हणजे खाली काही नाही असं धरून चालू नका.

आणि याच कारणाने माझा पहिला सेट फेल गेला. इंजिनचा पंखा पाणी घुसळतो, त्यात हवेचे बुडबुडे होतात, आवाज त्या बुडबुड्यांवरच आपटून परत येतो. खाली तळापर्यंत पोचतच नाही.

दुकानात जायच्या आधी घरी बसून ठरवायच्या गोष्टी

पहिली, तुम्ही खरोखर किती पाण्यात जाता. स्वप्नात नाही, गेल्या सीझनला गेलात तेवढं. आमच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक छोट्या बोटी १० ते ३५ वावात फिरतात, म्हणजे साधारण १८ ते ६५ मीटर. याला १००० मीटर मारणारं मशीन घेणं म्हणजे देवगड ते कणकवली जायला विमान घेणं. पण कोणी विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँकेच्या, म्हणजे समुद्रात बुडालेल्या पठाराच्या, बाजूला जात असेल तर गोष्ट वेगळी, तिथे माथ्यावर २०-२५ मीटर पाणी आणि कडेवरून तळ झपकन खाली जातो, तिथे ताकद लागते.

एक पक्कं लक्षात ठेवा, बॉक्सवर जी कमाल खोली छापलेली असते ती बरेचदा गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी आवाज जास्त खातं, त्यातही वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज तर फारच. त्यामुळे छापील आकड्याच्या निम्मी खोली समुद्रात मिळाली तरी नशीब समजा, आणि माहितीपत्रकात खाऱ्या पाण्याचा आकडा वेगळा दिलाय का ते शोधा. काही कंपन्या देतात.

दुसरी, जाळं कुठलं. तळाजवळून जाळं ओढणाऱ्या ट्रॉलवाल्याला मासा दिसण्याइतकंच, किंबहुना जास्त, तळ कसा आहे ते कळायला हवं, चिखल आहे का रेती का खडप, कारण एक खडप लागलं की जाळं फाटलं आणि दिवस गेला. थव्याला जाळ्याचा वेढा घालणाऱ्या पर्ससीनवाल्याला थवा किती जाड, किती खोल ते हवं. पाण्यात भिंतीसारखं जाळं सोडणाऱ्या गिलनेटवाल्याला खोली, तळ आणि पाण्याचं तापमान. गरीवाल्याला तर बारीक चित्र पाहिजे, दगडाच्या बाजूला एक मासा उभा आहे तोपण वेगळा दिसला पाहिजे. उत्तरेकडे डोल लावणाऱ्यांना मासा शोधायचाच नसतो, जाळं प्रवाहात उभं असतं, त्यांनी साधा खोली दाखवणारा आणि जीपीएसचा सेट घेतला तरी पुष्कळ. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांनी हे वाचू पण नये, ते जे करतात त्याला मशीन नाही.

तिसरी, बूड कशाचं. लाकूड, फायबर का लोखंड. यावर पुढे सविस्तर येतो कारण सगळी मेख तिथेच आहे.

५० का २००, आणि हे वॉटचं काय प्रकरण

आपल्या कामाचे बहुतेक सेट दोन फ्रिक्वेन्सीचे असतात, ५० आणि २०० किलोहर्ट्झ. ५० वाला आवाज खोल जातो आणि पसरतो, २०० वाला कमी खोल जातो पण बारीक दाखवतो. पसरतो म्हणजे किती, तर ६०० वॉटच्या नेहमीच्या ट्रान्सड्यूसरला ५० वर साधारण ४५ अंशांचा झोत असतो आणि २०० वर १२ ते १५ अंशांचा. ३० मीटर पाण्यात ४५ अंश म्हणजे तळावर जवळपास २५ मीटर रुंदीचा गोल, १२ अंश म्हणजे सहा मीटरचा. टॉर्चसारखं आहे, रुंद केला की फिका. ५० वर थवा दिसला म्हणून लगेच जाळं टाकू नका, तो बोटीच्या खालीच असेल असं नाही, २५ मीटरच्या त्या गोलात कुठेही असू शकतो. दोन्ही बाजूबाजूला लावून ठेवा, ५० वर दिसला आणि २०० वर नाही म्हणजे थवा बाजूला आहे. हे एवढं जरी समजलं तरी निम्मं मशीन समजलं.

दुकानात सध्या चर्प चर्प म्हणून खूप ऐकाल. फुकटची जाहिरात नाहीये ती. साधा सेट एका सुरात ठोका मारतो, चर्पवाला खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत शिट्टी वाजवतो आणि परत आलेली शिट्टी ओळखतो. फायदा काय, तर साध्या सेटचा १ मिलिसेकंदाचा ठोका म्हणजे पाण्यातली दीड मीटर लांबीची आवाजाची पट्टी, त्यामुळे पाऊण मीटरपेक्षा जवळ खाली-वर असलेले दोन मासे एकच ठिपका दिसतात, तळाला चिकटलेला मासा तर तळातच मिसळून जातो. चर्पमध्ये ते सुटे दिसतात. गरीवाल्यांना आणि तळाजवळची मासळी बघणाऱ्यांना खरंच उपयोग आहे. पण चर्पला ट्रान्सड्यूसरही त्याच जातीचा लागतो, जुना तसाच जोडून सेट चर्पचा आहे म्हणून मिरवायला काही अर्थ नाही.

वॉटमध्ये मात्र लोक फसतात. एका बॉक्सवर ५०० वॉट आणि दुसऱ्यावर ४००० वॉट बघून आपण म्हणतो हा तर आठपट. नाही. आरएमएस (एक प्रकारची सरासरी) आणि पीक-टू-पीक (टोकापासून टोकापर्यंत) अशा दोन मोजण्या आहेत, पीक-टू-पीकचा आकडा आरएमएसच्या आठपट येतो, म्हणजे ते दोन्ही सेट सारखेच. नेहमी आरएमएस विचारा. ३०-४० वावापर्यंत ६०० वॉट आरएमएस भरपूर झालं, १ किलोवॉट खोल जाणाऱ्यांसाठी. आणि ६०० वॉट म्हणजे बॅटरी पिऊन टाकेल अशीही भीती नको, तो जोर क्षणभराच्या ठोक्याचा असतो, असा छोटा सेट चालू असताना एखाद-दोन अँपिअर खातो.

साइड स्कॅन, डाउन स्कॅन, लाइव्ह वगैरे जे आहे ते ४५५ आणि ८०० किलोहर्ट्झच्या घरातलं. चित्र फोटोसारखं येतं, खाडीत, धरणात बघायला मजा येते, बुडालेलं झाडसुद्धा ओळखू येतं. पण समुद्रात जसजसं खोल जाल तसं ते विरत जातं. पैसे जास्त झाले असतील तर घ्या.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे खरा खर्च आणि खरी मेहनत

माझं मत आहे की बजेट दोन भागांत तोडा, सेट एक आणि ट्रान्सड्यूसर एक, आणि सेटमध्ये दोन इंच कमी करावे लागले तरी चालतील पण ट्रान्सड्यूसरमध्ये कंजूषी नको. ब्रॉन्झचा चांगला ट्रान्सड्यूसर कधी कधी छोट्या सेटच्या किमतीला जाऊन भिडतो, तेव्हा पोटात गोळा येतो हे मान्य.

मागच्या फळीला लावायचा प्लास्टिकवाला आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या, मशीनच्या फायबर होडीला ठीक. तिथेही पंख्याच्या फेसापासून लांब लावायचा. मागून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यासारखा फिरत असेल तर उजव्या बाजूला, कारण त्या बाजूला पाती खाली जातात आणि फेस कमी असतो. इनबोर्ड, म्हणजे इंजिन आत असलेल्या, बोटीला मागे लावूच नका. एवढं वाक्य मला कोणी तेव्हा सांगितलं असतं तर.

फायबरची बोट असेल, आणि फायबर भरीव असेल, मध्ये फोम किंवा लाकडाचा थर नसेल, तर बुडाला भोक न पाडता आतून चिकटवायचा ट्रान्सड्यूसर चालतो. आधी तपासायची सोपी युक्ती आहे, जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात घाला, पिशवी आतून बुडाला दाबून धरा आणि बोट पाण्यात असताना खोली नीट येते का बघा. जिथे नीट येईल तिथे चिकटवा. थोडा आवाज फायबर खातं आणि पाण्याचं तापमान मिळत नाही, ते बुडाचं मिळतं. लाकडाच्या बोटीला ही युक्ती चालत नाही, लाकूड आवाज जाऊ देत नाही, तिथे भोक पाडावंच लागतं.

लाकडाला ब्रॉन्झचा आरपार ट्रान्सड्यूसर. प्लास्टिकचा आरपार लाकडात नको, लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि प्लास्टिकला तडा जाऊ शकतो, आणि बुडाला तडा म्हणजे काय ते सांगायला नको. लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या बुडाला उलट, ब्रॉन्झ थेट लावला तर खारट पाण्यात दोन धातू मिळून बूडच खातं, तिथे त्या धातूला चालणारा किंवा वेगळा ठेवणारा प्रकार घ्यावा लागतो.

आम्ही दुसऱ्या वर्षी बसवला तो दिवस सांगतो. जागा निवडायला अर्धा दिवस गेला. पंख्याच्या बरीच पुढे, बोटीच्या लांबीच्या मधल्या भागात, म्हणजे पुढून तिसरा हिस्सा ते निम्मी लांबी यांच्या दरम्यान, किल म्हणा पठाण म्हणा, बुडाचा तो मधला कणा, त्याच्या बाजूला पण इतकं जवळ नाही की झोत त्याच्यावरच आपटेल, पुढे पाणी खेचायचं भोक किंवा पट्टी असं काही नको की ज्याच्यामागे फेस होईल, आणि आतून हात पोचायला हवा. बुडाला उतार असतो, ट्रान्सड्यूसर तर सरळ खाली बघायला हवा, म्हणून लाकडाचा ठोकळा उतार मोजून तिरका कापायचा, एक अर्धा बाहेरून आणि दुसरा अर्धा आतून. सुताराने ठोकळा होडीच्या आकाराचा घासला, पुढून टोकदार मागून निमुळता, पाणी सरकून जावं म्हणून. मग भोक. ड्रिल बुडात शिरताना बाबा तिथून उठून चहाला गेले, बघवलं नाही त्यांना. भोकाच्या कडा इपॉक्सीने बंद केल्या, मरीन सीलंट चोपडून भरलं, नट आवळला पण जीव खाऊन नाही, कारण नंतर लाकूड फुगतं. बोट पाण्यात गेली त्या दिवशी मी दर अर्ध्या तासाने आत वाकून बोट लावून बघत होतो ओलं लागतंय का. पहिला दिवस-रात्र हे करायचंच, त्यात लाज नाही.

जुना ट्रान्सड्यूसर चालेल का, हा प्रश्न सगळेच विचारतात. चालू शकतो, फ्रिक्वेन्सी तीच असेल, वॉट तेवढेच असतील आणि प्लगच्या पिना जुळत असतील तर. पिना जुळत नसतील तर अडॅप्टर मिळतो का बघा, वायर मधे कापून पिळून टेप मारू नका, त्या वायरवर जाळीचं कवच असतं, ते तुटलं की सगळ्या इंजिनची घरघर स्क्रीनवर उतरते. उरलेली वायरपण कापू नका, गुंडाळी करून बांधून ठेवा.

स्क्रीन

आता स्क्रीन. इंच बघताना उभे पिक्सेल बघा, कारण खोली उभी दिसते. ६० मीटरची रेंज ४८० पिक्सेलवर म्हणजे एका ठिपक्यात साडेबारा सेंटीमीटर पाणी, ८०० असतील तर साडेसात. केबिनमध्ये तांडेल किती लांब उभा राहतो आणि त्याचं वय काय यावर ५-७ इंच का ९-१० ते ठरवा. काकांना चष्मा लागतो, त्यामुळे आमच्याकडे तो मुद्दा दोन मिनिटांत मिटला. उन्हात दिसते का ते दुकानाबाहेर आणून बघा. आणि टचपेक्षा बटणं आणि गोल नॉब बरे, हाताला पाणी, खवले आणि ग्रीस असताना टच म्हणजे शिक्षा आहे. पाण्यापासून बचावाचा आकडा आयपीएक्स ७ असेल तर सेट मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरतो, केबिन उघडी असेल तर एवढं तरी हवंच.

जीपीएस सोबत का वेगळा

हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी मिळायच्या संभाव्य जागांची माहिती देते, त्यात बंदरापासून दिशा, अंतर, खोली आणि अक्षांश-रेखांश असतात. ते वापरायचं तर जीपीएस हातासरशी हवाच, म्हणून एकत्र सेट परवडतो. शिवाय जाळं फाटलेलं खडप, बुडालेली बोट, चांगली जागा हे सगळं त्याच चित्रावर नोंदवता येतं. तोटा एवढाच की एक मशीन गेलं की दोन्ही गेलं, म्हणून जुना हातातला जीपीएस चालू असेल तर पिशवीत असू द्या.

एक चूक मात्र मी तीन बोटींवर बघितली आहे. मोबाईलवर आलेला आकडा १६.५० अंश असतो आणि सेट अंश-मिनिटांवर असतो, माणूस सरळ १६ अंश ५० मिनिटं टाकतो. १६.५० म्हणजे १६ अंश ३० मिनिटं. फरक २० मिनिटांचा, अक्षांशात १ मिनिट म्हणजे १ सागरी मैल, म्हणजे तुम्ही ३७ किलोमीटर चुकलात आणि तेवढं डिझेल जाळलंत. सेटमध्ये फॉरमॅट बदलता येतो, तो आधी बदला.

नकाशाचं विचारून घ्या, आपल्या किनाऱ्याचा तपशीलवार नकाशा सेटमध्ये आहे का त्याचं कार्ड वेगळं विकत घ्यावं लागतं. नुसत्या पायाभूत नकाशावर खाडीच्या तोंडात शिरू नका.

वायरिंग, जिथे चांगले सेट मरतात

बऱ्याच बोटींना ट्रकचं इंजिन बदलून बसवलेलं असतं, २४ व्होल्टचं. काही छोटे सेट २० व्होल्टच्या वर चालतच नाहीत, लावला की गेला, आणि वॉरंटीत पण बसत नाही. सेटवर १० ते ३० च्या घरातला आकडा लिहिलाय का बघूनच घ्या, नाहीतर मधे कन्व्हर्टर लावा, चांगल्यातला, स्वस्त कन्व्हर्टर स्वतःच विजेचा कचरा सोडतो आणि तो स्क्रीनवर दिसतो.

वायर थेट बॅटरीवरून, वेगळी, फ्यूजसकट. दिव्यांच्या वायरीला टॅप मारून घेतली की इंजिन स्टार्ट करताना व्होल्टेज पडतं आणि सेट बंद होऊन परत चालू होतो, आमच्याकडे महिनाभर हे चाललं होतं आणि मी सेटला शिव्या देत होतो. शक्य असेल तर इलेक्ट्रॉनिक्सला वेगळी बॅटरी. वायर जाड घ्या, बॅटरी १० मीटर लांब असेल तर दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत २ अँपिअरला जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो. आणि ट्रान्सड्यूसरची वायर अल्टरनेटर, व्हीएचएफ रेडिओची केबल, इन्व्हर्टर यांच्या गळ्यात गळा घालून नेऊ नका. स्क्रीनवर तिरप्या रेघा येत असतील तर एकेक वस्तू बंद करून बघा, बरेचदा गुन्हेगार केबिनमधला पन्नास रुपयांचा एलईडी बल्ब निघतो.

दुकानात

फुरुनो, गार्मिन, लॉरन्स, कोडेन, अजून चार नावं, चांगल्या कंपन्यांच्या एकाच किमतीच्या सेटमध्ये रात्र-दिवसाचा फरक नसतो. तुमच्या बंदरात कुठला जास्त लागलाय ते बघा, कारण बिघडला की दुरुस्ती करणारा आणि सेटिंग सांगणारा तोच माणूस शेजारी असतो. दुकानात जे सुंदर कमानीसारखे मासे फिरताना दाखवतात तो डेमो मोड असतो, सगळ्या सेटमध्ये मासे असेच पळतात, त्यावर अजिबात जाऊ नका. बिल पक्कं, वॉरंटी भारतातली का बाहेरची ते लिहून. अनुदानाचं काही बसत असेल तर मत्स्यविभागाच्या ऑफिसात खरेदीच्या आधी विचारा, नंतर बिल घेऊन गेलात तर फक्त चहा मिळतो.

पहिल्या फेरीला

माशाची छोटी चित्रं दाखवायचा जो पर्याय असतो तो बंद करा. मशीन अंदाजाने प्लास्टिकच्या पिशवीलापण मासा म्हणतं. कच्चं चित्र वाचायला शिका, आठवडाभर त्रास होईल मग सवय लागते. पाण्याचा प्रकार खारा निवडा. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली किती आहे तो आकडा टाका म्हणजे खोली खरी येईल. गेन, म्हणजे मशीनच्या कानाचा तिखटपणा, वाढवत जा, पाण्यात ठिपक्यांचा हलका भुरभुर पाऊस दिसायला लागला की एक पायरी मागे या. बोट वर असताना, कोरड्यावर सेट चालू ठेवू नका, ट्रान्सड्यूसर हवेत तापतो.

स्क्रीनवर उजव्या टोकाची उभी रेघ म्हणजे आत्ता, बाकी सगळं डावीकडे सरकलेलं मागे गेलेलं पाणी आहे. उजवीकडे थवा दिसला तर तो खाली आहे, डावीकडे दिसतोय तो मागे राहिला. उभ्या बोटीखाली एकच मासा थांबला तर लांबलचक रेघ येते, तो मोठा मासा नसतो.

तळ असा वाचा. चिखल असेल तर रेघ पातळ आणि फिकट. रेती, खडप असेल तर जाड लाल आणि खाली लांब शेपटी, आणि रेंज दुपटीच्या वर ठेवलीत तर बरोबर दुप्पट खोलीवर दुसरी रेघ दिसते, २० मीटरला तळ तर ४० ला त्याची सावली, आवाज तळावरून वर येऊन पृष्ठभागाला आपटून परत खाली गेलेला असतो. ही दुसरी रेघ दिसली म्हणजे तळ कडक. काकांनी हे एकदा बघितलं, मग मेणबत्तीचं मेण लावलेलं शिसं सोडून रेती चिकटते का बघायचे त्यांच्या जुन्या जागांवर मुद्दाम नेऊन मशीन तपासलं, पाचपैकी पाच जागा जुळल्या. दोरी मात्र अजून केबिनमध्येच टांगलेली आहे.

आजूबाजूला चार बोटी त्याच फ्रिक्वेन्सीवर असतील तर स्क्रीनवर ठिपक्यांच्या माळा येतात, त्यासाठी इंटरफेरन्स कमी करायचा पर्याय असतो, तो एक पायरीच चढवा, जास्त केला तर बारीक मासळी पण पुसून टाकतो.

सगळं जमलं की सेटिंगच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कोणीतरी खलाशी रात्री रीसेट मारतोच. दर पावसाळ्यात बोट ओढली की ट्रान्सड्यूसरच्या तोंडावरचं शेवाळ, शिंपल्यांचे खडे हाताने नाहीतर पातळ फळीने काढा, पत्र्याने खरवडू नका, आणि बुडाला जो रंग मारता तो त्याच्या तोंडावर मारू नका, पाण्यावर आधारलेला खास रंग मिळतो तो चालतो. जुना सेट लगेच भंगारात देऊ नका. आमचा तो ९ इंची सेट आता नव्या ब्रॉन्झच्या ट्रान्सड्यूसरवर अडॅप्टर लावून चालतोय, आणि त्याचा तो प्लास्टिकचा ट्रान्सड्यूसर चुलतभावाच्या आउटबोर्डच्या होडीला मागच्या फळीवर बसवलाय, तिथे एकदम मस्त चालतो.